चेहरे बरोबर, वाक्यं दुसऱ्यांची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आपण शहरातल्या एका शाळेच्या नव्यानं रंगवलेल्या कुंपणभिंतीचा फोटो छापला आहे. वर ‘मानवी विचारांचे शिल्पकार’ अशी पट्टी, खाली आठ चेहरे: सॉक्रेटिस, ॲरिस्टॉटल, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, डार्विन, जोतीराव फुले, आइनस्टाइन. प्रत्येकाखाली एकेक वाक्य. बातमीत भिंतीचं कौतुक आहे आणि ते रास्त आहे. मुलांनी चेहरे छान काढलेत. डार्विनच्या दाढीत नुसता पांढरा ओतलाय, थोडा करडा हवा होता, पण ते हाताला सवयीनं कळतं. माझी तक्रार वाक्यांबद्दल आहे. आठांतली चार त्या त्या माणसाची नाहीत आणि पाचवं आहे ते अर्धवट आहे.

मी पंडित नाही, साइनबोर्ड पेंटर आहे. १९७६ साली, सोळाव्या वर्षी, नाशिकच्या भद्रकालीत उस्तादांकडे डबे धुवायला लागलो. दोन वर्षांनी हातात ब्रश मिळाला. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे मागचे पत्रे, दवाखान्यांचे बोर्ड, १९९१ आणि २००३ च्या सिंहस्थातले ‘घाटाकडे’ असे बाण, आणि जून उजाडला की शाळांचे सुविचार. नीळ लावलेल्या दोरीनं रेघा मारायच्या, खडूनं आखायचं, मग इनॅमल. मजुरी अक्षरावर असायची आणि जोडाक्षराला भांडण ठरलेलं. त्या हिशेबानं न्यूटन स्वस्त पडायचा, आइनस्टाइन महाग. २०१५ च्या सिंहस्थापर्यंत फ्लेक्सनं सगळं खाल्लं होतं. आता घरीच असतो, सकाळी सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, जाऊन पेपर आणि मिळेल ते वाचतो.

उस्तादांचं एक वाक्य होतं: ‘मजकूर गिऱ्हाइकाचा, वळण आपलं.’ म्हणजे वेलांटी चुकली तर शिव्या आम्हाला, मजकूर चुकला तर गिऱ्हाईक बघून घेईल. मी चाळीस वर्षं त्या वाक्याच्या आडोशाला उभा राहून धंदा केला. त्यामुळे पुढचं सगळं वाचताना, हा माणूस स्वतःही त्यात सामील होता, हे लक्षात असू द्या.

ॲरिस्टॉटलच्या खाली लिहिलंय: ‘आपण वारंवार करतो तेच आपण असतो, उत्कृष्टता ही सवय आहे.’ विचार त्याच्या जवळपासचा आहे, पण वाक्य विल ड्युरांट या अमेरिकन लेखकाचं. त्यानं १९२६ साली तत्त्वज्ञांवर लिहिलेल्या पुस्तकात ॲरिस्टॉटलचं म्हणणं आपल्या शब्दांत थोडक्यात मांडलं आणि लोकांनी मधल्या माणसाला गाळून टाकलं. डार्विनचं तसंच. ‘सर्वात बलवान टिकत नाही, बदलाशी जुळवून घेतो तो टिकतो’ हे १८५९ च्या त्याच्या ग्रंथात कुठेही नाही. लुइझियानातले व्यवस्थापनाचे प्राध्यापक लिऑन मेगिन्सन यांनी १९६३ साली डार्विनचा सारांश म्हणून ते सांगितलं होतं. यात शाळेनं फार लाजायचं कारण नाही. सान फ्रान्सिस्कोच्या विज्ञान अकादमीनं हेच वाक्य डार्विनच्या नावासकट दगडी फरशीत कोरून घेतलं होतं, मग नाव काढायची वेळ आली. दगडातून नाव काढणं म्हणजे काय काम असतं ते मला विचारा. आपल्याकडे निदान एक हात प्रायमर मारला की भागतं.

आइनस्टाइनच्या नावावर मासा आणि झाड आहे: माशाला झाडावर चढता येत नाही म्हणून त्याला मूर्ख ठरवू नका, ते. पालकांना फार आवडतं. आइनस्टाइन असं म्हणाला याचा कसलाही पुरावा नाही. मी स्वतः आइनस्टाइनच्या गळ्यात मधमाशी बांधली आहे. पिंपळगावकडच्या एका खत-औषधांच्या दुकानाला पाटी हवी होती: ‘मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल.’ हेही त्याचं नव्हे. आणि ते कीटकनाशकांच्या दुकानावर! पाटी रंगवत असताना खाली उभा असलेला एक द्राक्ष बागायतदार म्हणाला, ‘पेंटर, द्राक्षाला माशी लागत नाही. डाळिंबाला लागते, कांद्याच्या बियाण्याला लागते. तुमचा सायंटिस्ट नाशिकला आला नव्हता वाटतं.’ तेव्हा मी हसलो होतो. पुढं कळलं की दोघेही त्या वाक्यापासून सारखेच लांब होते, आइनस्टाइन आणि मी.

खरं वाक्य हवं होतं तर होतं की. ज्ञानापेक्षा कल्पनाशक्ती महत्त्वाची, हे तो १९२९ सालच्या एका मुलाखतीत बोललेला आहे. गांधीजींच्या सत्तरीला, १९३९ साली, असा हाडामांसाचा माणूस पृथ्वीवर वावरला यावर पुढच्या पिढ्यांचा विश्वास बसणार नाही, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. तेही त्याचंच. भिंतीवर बसायला थोडं लांब आहे, एवढंच.

न्यूटनचं, ‘मी दूरवर पाहू शकलो ते थोरांच्या खांद्यावर उभा राहून’, हे बरोबर आहे. १६७६ साली रॉबर्ट हूकला लिहिलेल्या पत्रातलं. गंमत अशी की हेही न्यूटनचं कमावलेलं नव्हे. बाराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या बर्नार्ड नावाच्या गुरुजींचं म्हणून ते आधीपासून चालत आलेलं होतं. थोरांच्या खांद्यावर उभं राहिल्याचं वाक्यसुद्धा थोरांच्या खांद्यावरूनच उचललेलं! सॉक्रेटिसचं ‘मला काहीच कळत नाही एवढंच मला कळतं’ हे प्लेटोनं लिहून ठेवलंय त्याला बरंच घासूनपुसून केलेलं आहे, पण चालेल. सॉक्रेटिसनं स्वतः एक ओळ लिहिली नाही. बाप पाथरवट होता असं सांगतात, म्हणून माझा त्याच्यावर जरा जास्त जीव आहे.

आता गॅलिलिओ. इथं मला थोडी जागा द्या, कारण हे वाक्य मी स्वतः रंगवलंय, १९९२ साली, कॉलेज रोडच्या एका क्लासच्या जिन्यात. ‘तरीही ती फिरतेच!’ उद्गारचिन्ह लाल. चर्चच्या चौकशीसमोर गुडघे टेकून पृथ्वी फिरत नाही असं कबूल केल्यावर उठता उठता तो पुटपुटला, अशी गोष्ट. पण हे पुटपुटणं ज्या पुस्तकामुळे जगभर पसरलं ते लंडनमध्ये बारेत्ती नावाच्या इटालियन लेखकानं छापलं १७५७ साली, गॅलिलिओला जाऊन ११५ वर्षं झाल्यावर. २२ जून १६३३ ला रोममध्ये घडलं ते वेगळं होतं. एकोणसत्तर वर्षांचा म्हातारा, समोर धर्मपीठाचे अधिकारी, हातात दुसऱ्यांनी लिहून दिलेला कागद. त्यानं तो वाचला: माझ्या या चुका मी शपथेवर सोडतो, त्यांचा धिक्कार करतो. आणि सही केली. मजकूर गिऱ्हाइकाचा.

मला वाटतं, हे मुलांना सांगायला काय हरकत आहे? तो घाबरला. घाबरण्यासारखंच होतं. मग मरेपर्यंत, १६४२ च्या जानेवारीपर्यंत, स्वतःच्या घरात कैदेत राहिला, आणि डोळे जात असताना पडणाऱ्या आणि फेकलेल्या वस्तूंच्या गतीवरचं सगळ्यात मोलाचं पुस्तक त्यानं पुरं केलं. ते हॉलंडमध्ये लायडनला छापून घ्यावं लागलं, १६३८ साली. माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्याआधीची दोन वर्षं मला माझीच शिरोरेघ दुहेरी दिसायची. त्या अवस्थेत पुस्तक लिहिणं म्हणजे काय, हे मला त्या पुटपुटण्यापेक्षा जास्त कळतं.

आणि गॅलिलिओ आपल्या नाशिकच्या भिंतीवर असायला आणखी एक कारण आहे, ते बातमीतही आलं नाही आणि भिंतीवरही नाही. आपला सिंहस्थ गुरूवर चालतो. गुरू सिंह राशीत आला की रामकुंडावर गर्दी. त्याच गुरूकडे ७ जानेवारी १६१० च्या रात्री पादुआ गावात गॅलिलिओनं स्वतः घासलेल्या काचांची दुर्बीण लावली. गुरूजवळ तीन बारीक चांदण्या दिसल्या, दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला. नंतर ढग. दहा तारखेला दोनच, आणि त्याही पूर्वेला. तेराला चार. तो रोज कागदावर एक गोल काढायचा आणि शेजारी दिसतील तेवढ्या चांदण्या. बस. दोन महिन्यांत, मार्चमध्ये, त्याचं पुस्तक व्हेनिसला छापून तयार. सगळं आकाश पृथ्वीभोवती फिरतं असं दोन हजार वर्षं मोठमोठे लोक सांगत होते, आणि इथं चार गोळे बिनदिक्कत गुरूभोवती फिरताना सापडले. पृथ्वी हलली तर चंद्र मागे राहून जाईल असं म्हणणाऱ्यांची तर बोलतीच बंद झाली, कारण गुरू हलतो हे त्यांनाही मान्य होतं आणि त्याचे चंद्र काही सुटून जात नव्हते.

गेल्या हिवाळ्यात नातीच्या कॉलेजात गच्चीवर दुर्बीण लावली होती. मीही गेलो. नव्या डोळ्यांनी पाहिलं: एक पिवळसर गोळा आणि रेघेत मांडल्यासारखे चार ठिपके. दोरी मारून आखल्यासारखे सरळ. खाली उतरताना नातीनं मोबाइलवर हिशेब करून दाखवला. गुरू सूर्यापासून आपल्या ५.२ पट लांब. ५.२ तीनदा गुणले की १४०.६, त्याचं वर्गमूळ ११.८६. एवढ्या वर्षांत गुरूची एक फेरी. म्हणजे बाराला सुमारे पन्नास दिवस कमी. हा नियम केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं १६१९ साली छापला. तोच केप्लर पोटासाठी सरदारांच्या कुंडल्या मांडत होता आणि त्याच्या आईवर चेटकीण म्हणून खटला चालू होता. आजोबा, बारा वर्षांचा सिंहस्थ हा त्याच्या नियमात बसतो बघा, असं नात म्हणाली. मी दोन सिंहस्थांचे बाण रंगवले, पण बाण आकाशातून कुठून निघतो ते त्या रात्री कळलं.

आर्यभटाच्या बाबतीत मात्र शाळेला शंभर मार्क. होडीत बसून पुढं जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागं जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हे वाक्य घेतलंय, आणि ते अस्सल त्याच्या ग्रंथातलं आहे. इसवी सन ४९९, वय तेवीस, हेही त्यानंच सांगितलेलं. चेहरा मात्र कुणालाच ठाऊक नाही. भिंतीवर आहे तो कल्पनेचा. उस्तादांनी आर्यभट काढला तेव्हा समोरच्या दुकानातल्या पुस्तकविक्याचं नाक आणि स्वतःच्या वडिलांची मिशी लावली होती. चेहरा बनावट आणि वाक्य खरं असं एकच उदाहरण भिंतीवर आहे, बाकी चार ठिकाणी उलट.

एक सांगायचं राहिलं. सुमारे १३० वर्षांनी ब्रह्मगुप्त या गणितज्ञानं आर्यभटाला चांगलंच झोडपलं: पृथ्वी फिरते तर उंचावरच्या गोष्टी पडत का नाहीत, म्हणून. तो चुकला, पण आर्यभट काय म्हणाला ते आधी नीट सांगून चुकला.

आता फुल्यांकडे येतो. खरं तर हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं आणि इकडे तिकडे फिरत बसलो.

१९८४ साली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेचं काम मिळालं. हेडमास्तरांनी कागद दिला, त्यावर ‘शेतकऱ्याचा असूड’मधल्या त्या प्रसिद्ध सहा ओळी होत्या. विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले. पाचव्या ओळीवर लाल पेनानं काट मारली होती. मी विचारलं, ‘सर, ही ओळ?’ म्हणाले, ‘राहू दे. भिंत पुरणार नाही.’ भिंत अठरा फूट होती. मी दोरी मारलेली होती, मला माहीत होतं. काम झाल्यावर खाली दीड-दोन फूट मोकळं राहिलं, तर म्हणाले, तिथं मोर काढा. मी मोर काढला. पिसाऱ्याला चार रंग वापरले. मोराचे पैसे वेगळे मिळाले.

शिडी धरायला शाळेचा शिपाई होता. वयस्कर माणूस. मी एकेक ओळ लिहीत होतो तसा तो माझ्या आधी म्हणत होता, त्याला पाठ होतं. चौथ्या ओळीनंतर मी ‘इतके’चा इ काढायला घेतला तेव्हा तो थांबला. मग गाळलेली ओळ मोठ्यानं म्हणाला, एकदाच. संध्याकाळी चहा त्यानंच आणून दिला. तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही आणि मीही नाही.

आपण छापलेला फोटो मी भिंगाखाली धरून पाहिला. जोतीरावांच्या खाली पाच ओळी आहेत. तीच ओळ नाही. एकेचाळीस-बेचाळीस वर्षं झाली, भिंत वेगळी, पेंटर वेगळे, आणि गळायला बरोबर तीच ओळ सापडते! मुलांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्यांना मिळालेल्या कागदावरच ती नसेल. माझ्यासारख्या कुणीतरी रंगवलेल्या जुन्या भिंतीवरून तो कागद उतरवलेला असेल, आणि माझी झोप उडाली ती याच विचारानं. ती ओळ काढली की उरलेल्या ओळी कुठल्याही क्लासच्या जाहिरातीत खपतात: शिका, पैसा मिळेल. जोतीराव ते सांगत नव्हते. कोण खचलं, ते सांगत होते. ॲरिस्टॉटलच्या तोंडी दुसऱ्याचं चांगलं वाक्य घातल्यानं ॲरिस्टॉटलचं काही जात नाही. इथं तसं नाही.

आणि ही माणसं स्वतः उधारी लपवत नव्हती हो. थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक जोतीरावांनी तरुणपणी वाचलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांचं पाहा. माझ्या घरापासून काळाराम मंदिर चालत दहा मिनिटं. तिथला सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. पुढं १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याची धर्मांतराची घोषणा. त्याच्या पुढच्या वर्षी लाहोरसाठी लिहिलेलं जातिप्रथेवरचं भाषण त्यांना करू दिलं गेलं नाही, म्हणून त्यांनी ते स्वतः छापलं. एवढ्या तापलेल्या दिवसांतल्या त्या भाषणातसुद्धा, कोलंबियातल्या आपल्या प्राध्यापकाचा, जॉन ड्यूईंचा, विचार घेताना ते थांबून सांगतात की हे माझे शिक्षक, यांचा मी फार ऋणी आहे. विचार कुणाचा हे सांगायला त्यांना दोन ओळींची जागा सापडली. आम्हाला अठरा फुटांत एक सापडली नाही.

पांडवलेण्यांवर मी अजून चढतो, हळूहळू. दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, लेख आहे, एकोणीसशे वर्षांचा. आमच्या धंद्यातल्या कुणा मूळ पुरुषानं ठोकलेली अक्षरं. त्यात भिक्षूंच्या चीवरासाठी आणि इतर खर्चासाठी गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) महिना शेकडा एक टक्क्यानं आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० पाऊण टक्क्यानं ठेवल्याचं कोरलंय. पाऊण टक्कासुद्धा गाळलेला नाही. कातळावर छिन्नीनं पाऊण टक्का कोरायचा म्हणजे किती कंटाळवाणं काम!

तर माझं म्हणणं असं. शाळेनं आहेत ते चेहरे राहू द्यावेत. ॲरिस्टॉटल आणि डार्विनच्या खालची नावं बदलून ड्युरांट आणि मेगिन्सन करावीत. मुलं विचारतील हे कोण, मग सांगता येईल. मासा पुसावा. गॅलिलिओच्या खालचं पुटपुटणं पुसून तिथं त्यानं काढलं तेच काढावं: एक गोल, शेजारी चांदण्या, खाली तारीख, अशा चार-पाच रात्रींच्या ओळी. त्याला ना भाषा लागते ना अर्थ लावावा लागतो. एका ब्रशचं अर्ध्या तासाचं काम आहे. २०२७ ला गुरूच्या नावानं गावात येणारा यात्रेकरू त्या रस्त्यानं गेला तर थांबून बघेल तरी. (आठ चेहऱ्यांत एकही बाई नाही, हे माझ्या नातीनं लिहायला लावलंय. मेरी क्युरीला दोन नोबेल होती, ती म्हणते. बरोबरच आहे.)

जोतीरावांच्या ओळीसाठी मी स्वतः येतो. फोटोवरून मोजलं, चौथ्या आणि शेवटच्या ओळीत अंतर कमी आहे, पण शेवटची ओळ पुसून खाली घेतली तर सहाही बसतात. मजुरी नको. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा यायला आवडेल, म्हणजे मुलं बघतील. रंग आणि ब्रश माझे. नावांबद्दल एवढं लिहून स्वतःचं नाव छापू नका म्हणतो, हे विचित्र आहे ते कळतं. पण माझ्या नावावरून लोक १९८४ ची ती शाळा ओळखतील आणि त्या सरांची मुलं-नातवंडं याच गावात राहतात. शाळेला हवं असेल तर माझं नाव आणि पत्ता आपल्याकडून द्यावा.

फक्त शिडी शाळेनं द्यावी. माझी मागच्या पावसाळ्यात मोडली. आणि ती धरायला कुणीतरी लागेल.

आपला,
एक साइनबोर्ड पेंटर
पेठ रोड, पंचवटी, नाशिक